हजार गाठींचा वाघ

नल्लकुंट्यात भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत कुसुमताई वडज्यांचं घर कुणीही दाखवायचं, पण दाखवताना जरा आवाज खाली करून. ताईंचा दराराच तसा होता. नळाच्या रांगेत कुणाची घागर आधी, अमृतम्माच्या सुनेचं सारखं माहेरी जाणं वाजवी की गैरवाजवी, कुणाच्या पोरीला आलेलं स्थळ पुन्हा विचार करण्याजोगं आहे का, या सगळ्यांत त्यांचा शब्द अखेरचा. देगलूरकडच्या शेतकरी घरातली ही बाई लग्न होऊन हैदराबादेत आली तेव्हा तिला मराठीखेरीज काही येत नव्हतं. मग ती दखनी उर्दूत भांडायला शिकली, पाठोपाठ तेलुगूत भांडायला शिकली, आणि त्यानंतर हे गाव तिला कधी परकं वाटलं नाही. कुणाकडे काही मागायची मात्र तिला सवय नव्हती. ती सांगायची, आणि लोक करायचे.

हा सगळा रुबाब नुसत्या जिभेचा नव्हता. ताईंच्या देवघरात वाघ होता. म्हणजे होती एक कापडाची पट्टी, वीतभर रुंद, कमरेला वेढा घेऊन वर थोडी उरेल एवढी लांब. एके काळी पांढरी असावी. आता हळदीने पिवळी पडली होती आणि एका टोकाला तपकिरी डाग होता. तिच्यावर लाल दोऱ्याच्या बारीक बारीक गाठी घातलेल्या होत्या, शेकड्यांनी, एकीला एक लागून, आणि त्या गाठींतूनच एक वाघ उभा केला होता. चालता चालता मान वळवून मागे बघणारा.

ताईंचे यजमान हणमंतराव दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. तिथून परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ही पट्टी होती. ट्रंक उघडली ती त्यांच्या आईने, गंगूबाईने. वाघ बघताच तिने हात जोडले. जगदंबेने आपलं वाहन लेकाच्या राखणीला धाडलं होतं, यात तिला तिळभर शंका वाटली नाही. पोरगा काही बोलला नाही, आणि आयांना पोरांच्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावता येतो. त्या वर्षीपासून नवरात्रात घटाखालच्या पाटावर ती पट्टी अंथरायची प्रथा पडली. पट्टीवर पत्रावळ, पत्रावळीवर माती, मातीत गहू, वर घट.

गंगूबाई गेली आणि पट्टी कुसुमताईंकडे आली. थोरला अनिल लहानपणी विषमज्वराने हातचा जायला आला होता, तेव्हा ताईंनी ती त्याच्या पोटाला बांधली आणि तीन रात्री उशाशी बसून काढल्या. अनिल वाचला. मग गल्लीतही बोलबाला झाला. कुणाचा मुलगा परीक्षेला बसायचा, कुणाचा दुबईला निघायचा, की त्याची आई ताईंच्या दारात येऊन एका गाठीला बोट लावून जायची. शेजारच्या गल्लीतली सुग्रा बी आत यायची नाही. ती उंबऱ्यावर उभी राहून सांगायची, ताई, तुम्हीच हात लावा आणि तोच हात माझ्या पोराच्या डोक्यावरून फिरवा.

हणमंतराव एवढे एकटेच त्या पट्टीच्या वाटेला जात नसत. लढाईनंतर एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहण्यात त्यांची हयात गेली, आणि ती बंदूक एकदाही उडवायची वेळ आली नाही याचं त्यांना मोठं समाधान होतं. खंडेनवमीला ते पलटणीतली आपली पाण्याची बाटली आणि घडीचा चाकू घासूनपुसून पाटावर मांडायचे, स्वतः फुलं वाहायचे. घटाकडे पाठ. नवरात्रात सकाळीच मलकपेठला जायचे आणि रेसकोर्सच्या भिंतीपाशी बसून घोड्यांची रपेट बघत राहायचे. पलटणीत राहिलं की माणूस देवाधर्माला मुकतो, असं ताई चारचौघांत सांगत, आणि हणमंतराव तेही ऐकून घेत.

नव्व्याण्णव साल उजाडेपर्यंत या घराची घडी पार बदलली होती. अनिलला कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं होतं, आणि ती स्वेच्छा नक्की कुणाची हे तो रोज वर्तमानपत्र वाचता वाचता बायकोला, वंदनाला, विचारायचा. घरात केबल आली होती. अनिलची मुलगी श्रुती एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती; कंपनीने जपानचं काम घेतलं म्हणून ती सकाळ-संध्याकाळ जपानी शिकत होती आणि न्हाणीघरातून तिचे पाठ ऐकू यायचे. तिचा भाऊ सारंग पायदळात लेफ्टनंट होता. मे महिन्यात तो रजेवर आला आणि ताईंना आभाळ ठेंगणं झालं. आजोबा हवालदार आणि नातू अधिकारी, हे त्या भाजीवाल्यालाही ऐकवायच्या.

असे सगळे एका दुपारी जेवायला बसले असताना श्रुतीने ते सांगितलं. वाईट मनात काही नव्हतं. उलट तिला वाटलं, आजी खूश होईल.

"आजी, लिसन ना. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे टीचरनी, क्लासमध्ये एक जुना फोटो दाखवला. सेम आपली पट्टी. वाघसुद्धा सेम."

मग तिने सगळं नीट उलगडून सांगितलं. लढाईच्या काळात जपानात मुलगा सैन्यात निघाला की त्याची आई, नाहीतर बायको, असं कापड घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला विनवायची, माझ्या मुलासाठी एक गाठ घाल. हजार बायकांच्या हजार गाठी झाल्या की ती पट्टी मुलाच्या पोटाला बांधायची. वाघ अशासाठी की तो कितीही लांब गेला तरी आपल्या ठिकाणी परत येतो, अशी त्या लोकांची श्रद्धा.

"काय म्हणायलीस गं तू?" ताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून वंदनाने हातातला पळा खाली ठेवला.

सारंगला वातावरण हलकं करायची वाईट खोड होती. तो हसून म्हणाला, म्हणजे आजोबांनी लढाईत मारलेला माल आहे म्हणा की. अनिलही थोडं हसला. हणमंतराव दहीभात कालवत होते. त्यांनी घास तोंडाशी नेला, परत ताटात ठेवला, आणि हात धुवायला उठले. त्यांनी ताटात अन्न टाकलेलं ताईंनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी श्रुतीने पट्टी उजेडात धरली. काठाशी शाईची पुसट अक्षरं होती, जी इतकी वर्षं सगळ्यांनी डाग म्हणून सोडून दिली होती. तिने ती उतरवून जपानीच्या बाईंना दाखवली. लढाईत तुझं नशीब टिकून राहो, एवढंच लिहिलेलं होतं. तसं सगळ्यांच्याच पट्ट्यांवर लिहीत. नाव नव्हतं, गाव नव्हतं. परत करायची म्हटली तरी कुणाला करणार?

ताईंनी हणमंतरावांना गाठलं ते मागच्या अंगणात, ते कढीपत्त्याला पाणी घालत असताना. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला लढाईबद्दल काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं.

"त्या पोराच्या अंगावरून काढली ना?"

"हो."

"मेल्यावर?"

हणमंतरावांनी नळ बंद केला. मग जे सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि बऱ्याच गोष्टी गाळून. पहाट होती. टेकडीवरच्या खंदकात हातघाई झाली होती आणि बाकीचे पुढे गेले होते. यांची मांडी फाटली होती, रक्त थांबत नव्हतं, आणि जवळची मलमपट्टी आधीच दुसऱ्या एकावर खर्ची पडली होती. शेजारी हातभरावर एक जपानी पडला होता. छातीत लागलेलं. सदरा उघडा, आणि पोटाला ही पट्टी.

"मेला नव्हता," हणमंतराव म्हणाले. "एक टोक धरून ठेवलतं त्यानं. काहीतरी बोलायलता, मला काही कळंना. मी ओढून घेतली."

"मग?"

"मग काय. मांडीला आवळून बांधली. रक्त थांबलं. म्हणून तर हितं उभा आहे."

आईला का सांगितलं नाही, हे ताईंनी विचारलंच. त्यावर हणमंतराव म्हणाले की टाकून द्यायला हात धजला नाही म्हणून ट्रंकेत ठेवली होती. घरी आल्यावर बघतात तो आई ट्रंकेपुढे हात जोडून बसलेली, डोळ्यांतून धार लागलेली. तिला तेव्हा काय सांगायचं? आणि पहिल्या दिवशी जे सांगितलं गेलं नाही ते दुसऱ्या वर्षी सांगणं आणखी अवघड झालं, आणि पुढे तर तिने त्यावर घटच मांडला.

ताईंना राग आला, आणि तो आत कुठेतरी जाऊन बसला. पट्टी घेतल्याचा तो राग नव्हता. लढाईत माणसं काय काय करतात ते त्यांना कळत होतं, आणि ती घेतली नसती तर हा माणूस नसता, अनिल नसता, कुणीच नसतं. राग याचा होता की कुठल्याशा बाईने रस्त्यात उभं राहून आपल्या पोरासाठी मागितलेलं मागणं आपण जन्मभर आपल्या पोरांसाठी वापरलं. आणि तिच्या पोराला ते पुरलं नव्हतं. ताईंनी पट्टी देवघरातून काढली. कुठे ठेवावी ते सुचेना. शेवटी कपाटात लुगड्यांच्या खाली सारली, आणि त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यातच सारंगला बोलावणं आलं. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. काश्मीरकडे डोंगरांवर काहीतरी चाललंय, एवढंच तेव्हा कानावर येत होतं. सारंगने बॅग भरायला घेतली आणि आजीला चिडवावं म्हणून म्हणाला, दे तुझा वाघ, पोटाला बांधतो. एरवी ताई हेच करणार होत्या. हा पोरगा सैन्यात गेला तेव्हापासून त्यांनी मनात तेच योजून ठेवलं होतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "ती तुला नाही."

सारंग चमकला. पण ताईंचं खरं संकट त्याला कळलंच नाही. मेलेल्या पोराच्या अंगावरची वस्तू नातवाला बांधवत नव्हती, आणि नातवाला तसंच मोकळं पाठवायला मन तयार नव्हतं. नवऱ्याचा जीव त्या पट्टीने राखला, लेकाचा राखला. आता नातवाची वेळ आली आणि त्यांच्या हातात काही नव्हतं.

सकाळी त्या सुलतान बाजारात गेल्या. पांढरं मांजरपाट घेतलं, लाल दोऱ्याच्या लडी घेतल्या. श्रुतीकडून कापडावर पेन्सिलीने वाघ काढून घेतला. पहिली गाठ त्यांनी स्वतः घातली, दुसरी वंदनाने, तिसरी श्रुतीने. आणि मग कुसुमताई वडजे, ज्यांनी कधी शेजारणीकडे विरजणसुद्धा मागितलं नव्हतं, त्या सुई-दोरा घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या.

मागणं ही कलाच आहे, आणि ती त्यांना अजिबात येत नव्हती. नळावरच्या बायकांना त्यांनी नेहमीप्रमाणे हुकूम सोडला आणि त्यांनी निमूटपणे गाठी घातल्या. ते सोपं होतं. बसस्टॉपवरच्या बायकांना त्यांचा दरारा ठाऊक नव्हता. देवळाची वर्गणी असेल असं समजून दोघीतिघींनी "फिर कभी, अम्मा" म्हणत तोंड फिरवलं. ताईंची कानशिलं तापली. मग त्यांनी दुसरी पद्धत काढली. आधी नातवाचं नाव सांगायचं, मग कापड पुढे करायचं. माझा सारंग लढाईवर निघालाय, एक गाठ घाला. बांगड्यांच्या दुकानातल्या बायकांनी घातल्या. कॉलेजच्या पोरींनी घातल्या, एकमेकींच्या अंगावर रेलत. दवाखान्यातल्या एका नर्सने घातली आणि नाव पुन्हा विचारून घेतलं.

अमृतम्मा विधवा होती. ती आपण होऊन लांब उभी राहिली आणि हळूच म्हणाली, मी नको ना? शुभकार्यात तिला पुढे न बोलावण्यात इतकी वर्षं ताईच आघाडीवर असत. ताईंचा हात क्षणभर मागे आला. खरंच आला, त्यांनी ते मागाहून स्वतःशी कबूल केलं. मग त्यांनी सुई तिच्या बोटांत दिली आणि म्हणाल्या, दोन घाल.

सुग्रा बीने ओढणी सावरून सुई घेतली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली, कापडावर हलकेच फुंकर घातली आणि गाठ आवळली. "सलामत आएगा आपका पोट्टा, ताई," ती म्हणाली. "रोओ नक्को." तोवर ताई रडत नव्हत्या.

पाय भरून आले होते. तरी त्या संध्याकाळी पुन्हा सुलतान बाजाराच्या कोपऱ्यावर गेल्या. तिथे गर्दीत उभं असताना त्यांच्या मनात आलं, ती बाईही अशीच उभी राहिली असेल. तिच्याही तोंडावरून लोक गेले असतील, तिलाही कुणी भिकारीण समजलं असेल. आणि तिने वाघ पुरा केला होता. एक गाठ कमी नव्हती. तरीही. या विचाराने त्यांना इतकी धडकी भरली की समोरून आलेल्या बाईला त्यांनी दंडालाच धरलं.

गाडीची वेळ झाली तेव्हा वाघाचं तोंड, पुढचे पाय आणि पाठ झाली होती. मागचं अंग पेन्सिलीचंच होतं. सिकंदराबाद स्टेशनवर सारंगने पट्टी उलगडून बघितली. बिनशेपटीचा वाघ आहे आजी, म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हसायची ही वेळ नाही. त्याने ती सगळ्यांसमोर सदऱ्याच्या आत पोटाला गुंडाळली. हणमंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलंसं वाटलं, तेवढ्यात गाडी हलली.

पुढचे दोन-अडीच महिने या घराने टीव्हीपुढे काढले. बर्फाचे डोंगर, तोफा, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या, आणि मध्येच साबणाची जाहिरात. पेटी दिसली की वंदना उठून स्वयंपाकघरात जायची. हणमंतराव आवाज बंद करून बघायचे. ताई देवघरात दिवा लावायच्या, पण काही मागायच्या नाहीत. मागायला तोंड उरलं नाही असं त्यांना वाटायचं. सारंगचा फोन एकदा आला, मिनिटभराचा. मी ठीक आहे, म्हणाला. त्याच्या आवाजात काही कमी होतं, ते काय हे कुणाला सांगता आलं नाही.

लढाई संपली, आणि सारंग आला. पितृपंधरवडा चालू होता, नवरात्र तोंडावर आलं होतं. गल्लीने त्याला हार घातले. सुग्रा बीने कानशिलांवर बोटं मोडून त्याची अलाबला घेतली, अमृतम्मा उंबऱ्याच्या आत येऊन रडली. ताईंनी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या आणि त्याला डोळे भरून बघितलं. नाक-गाल उन्हाबर्फाने सोलवटले होते, पण हात, पाय, बोटं, सगळं जागच्या जागी होतं. आता घटाखाली त्याचीच पट्टी अंथरायची, ताईंच्या मनाने ठरवून टाकलं. उरलेल्या गाठी बायकांकडून घालून घ्यायच्या आणि वाघ पुरा करायचा. कित्येक महिन्यांनी त्यांना भूक लागल्याची जाणीव झाली.

कपडे धुवायला टाकावेत म्हणून त्यांनी त्याची बॅग उपसली. तळाशी पट्टी होती, घामाने काळवंडलेली, नीट घडी घातलेली. घडी उलगडली तसं आतून काहीतरी मांडीवर पडलं. एक ताईत. चामड्यात शिवलेला, काळ्या दोऱ्यातला. दोरा सोडवलेला नव्हता, कापलेला होता.

गंगूबाईला वाघ जगदंबेचा वाटला, ते तिचं भाग्य. नल्लकुंट्यात राहून ताईंना ताईत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुग्रा बीच्या सगळ्या पोरांच्या दंडांवर तो होता. दर्ग्यावर जायचं, तिथून तो आणायचा, आईने तो आपल्या हाताने बांधायचा. कापायचा नसतो, हेही त्यांना ठाऊक होतं.

सारंग बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत होता. अनिल गंगूबाईच्या श्राद्धाचं सामान आणायला बाजारात गेला होता, वंदना शेजारी. ताईंनी टीव्ही बंद केला आणि मूठ उघडून त्याच्यापुढे धरली.

त्याने बघितलं, आणि खांदे उडवले. सगळ्यांनीच काही ना काही आणलंय आजी, म्हणाला. कुणी टोपी, कुणी पट्टा. मग जरा थांबून म्हणाला, राहू दे, ठेव तुझ्या देवाजवळ.

"देवाजवळ ठेवायला हे देवाचं नाही," ताई म्हणाल्या. त्या त्याच्यासमोर खालीच बसल्या. "तुझ्या आजोबानं मला जन्मभर सांगितलं नाही. मला आता दुसरा जन्म नाही थांबायला. सांग."

हणमंतराव आतल्या दारात येऊन उभे होते. ताईंनी त्यांना बघितलं, पण हलल्या नाहीत. मग सारंग सांगू लागला, जमिनीकडे बघत. चौकी ताब्यात आली होती. त्याच्या तुकडीतला एक पोरगा, ज्याच्याबरोबर तो रोज एका ताटात जेवायचा, डोळ्यांदेखत गेला होता. दगडांच्या आडोशाला पलीकडचा एक पडलेला सापडला. पोटात गोळ्या लागलेल्या. वय सारंगपेक्षाही कमी.

"बोलत होता, आजी. उर्दूत. म्हणजे आपल्या इथल्यासारखंच. आधी अम्मी अम्मी करत होता. मग पाणी मागायला लागला. भाई, थोडा पानी. मला शब्द न् शब्द कळत होता."

"दिलंस?"

"बाटली होती माझ्याजवळ. भरलेली." त्याने मान वर केली. "मी समोर बसून राहिलो, आजी. तो बोलायचा थांबेपर्यंत. मग ताईत कापला. कशाला कापला ते मला माहीत नाही."

दारात हणमंतरावांनी चौकट धरली. आपला नातू जिवंत परत यावा म्हणून ज्या बाईने साऱ्या गावापुढे पदर पसरला होता, तिला आता एवढंच दिसत होतं की तो परत आला आहे, आणि त्या बायकांच्या सगळ्या गाठी त्या वेळी त्याच्या पोटालाच बांधलेल्या होत्या. सुग्रा बीची फुंकरसुद्धा. सारंग रडत नव्हता. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि तो ते सारखे जिभेने ओले करत होता.

ताई उठल्या. आत जाऊन त्यांनी माठातून तांब्या भरला, तो केवळ हाताच्या सवयीने, घरात कुणाचे ओठ सुकलेले दिसले की त्या भरत तसा. भरलेला तांब्या घेऊन त्या त्याच्यासमोर आल्या आणि थबकल्या. पाणी हातात होतं आणि हात पुढे होत नव्हता. सारंगने तांब्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि तोही काही मागेना. शेवटी ताईंनीच तो त्याच्या हातात दिला. तो प्यायला लागला तशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि तांब्या खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.